फाळक्यावर दोनदा हात

आमी मूळचे मार्गासनीचे, वेल्ह्याच्या रस्त्यावरचे. बाप भात लावायचा, आजा भात लावायचा, आन् मलाबी तेच करायचं व्हतं, पर चिखलात वाकून वाकून माझा जीव जायचा, आन् रस्त्यानं टरक गेला की मी भाताचं रोप हातात धरून तसाच हुबा. बाप वरडायचा, मेल्या, ते रोप लाव आदी, टरक काय पळून जातोय व्हय. पर टरक पळूनच जायचा की वो. मंग एक दिस मीच त्येच्यासंगं गेलो. भोरच्या एका मालकाची गाडी व्हती, तिच्यावर फडकं मारलं, टायर बदललं, उस्तादाच्या शिव्या खाल्ल्या, आन् ड्रायव्हर झालो, झालो ते झालोच, सगळी हयात त्या सीटवर गेली. लोकं म्हणत्यात आबांनी देश बघितला. काय सांगू तुमाला, कसला देश. टरकाची मागची झडप असती न्हाई का, जिच्यावर लिंबू-मिरची आन् काय काय रंगवलेलं असतंय, त्येला आमी फाळका म्हणतो. म्या आयुष्यभर म्होरच्या गाडीचा फाळका बघितला. कलकत्त्याला जावा न्हाईतर मद्रासला, फाळकाच.

घ्या की चहा, गार व्हायलाय. साखर जास्त पडलीय, आमच्या हिचा हात तसाच हाय.

तर मंग गुडघं गेलं. क्लच दाबून दाबून डावा आदी गेला, मंग उजव्याला वाटलं आपण तरी कशाला ऱ्हावा. भोरच्या डॉक्टरनं सांगितलं, आबा, आता गाडी बंद, आन् खाली उकिडवं बसायचं न्हाई, बसलात तर उठायला माणूस लागंल. तवापास्नं मी जेवायला खुर्चीत, देवाला खुर्चीत, सगळीकडं खुर्चीत. कुठं पंगतीला गेलं तर म्हातारं एकटंच वर बसलेलं असतंय, जसा काय मीच पाटील. पोराला म्हणलं, बाबा, आता तू धर स्टेरिंग. तर त्यो म्हणला, आबा, ड्रायव्हरला पोरगी कोण देतंय? आन् खोटं न्हाई ते. आमच्या भागात इचारून बगा, मुलगा काय करतो, ड्रायव्हर हाय, म्हणलं की चहाबी अर्धा कप येतोय. त्यो गेला शिरवळला कंपनीत, पट्ट्यावरचं खोकं उचलून दुसऱ्या पट्ट्यावर ठेवतोय, पर शर्ट पांढरा ऱ्हातोय ना, झालं.

आन् असं एकल्या माझ्या घरात न्हाई, सगळ्यांच्यातच. हितंच कापूरहोळला आमच्या शेठचा तळ हाय, शेवटची कैक वर्सं मी त्येच्याच गाडीवर व्हतो. हितनं जाताना मुद्दाम बगा, गाड्या हुब्या, टायरच्या भवती गवत वाढलेलं. नव्या गाड्या बरं का, थंड हवेच्या. गाडी हाय, माल हाय, चालवायला माणूस न्हाई. शेठ माणूस तोंडाचा फाटका, पर आतनं वाईट न्हाई. एक दिस घरी आला आन् म्हणला, आबा, तुमी जेलात जाल का. म्या म्हणलं, का रं बाबा, म्या काय केलं? तर म्हणला, तसं न्हाई, सरकारनं काढलंय, कैद्यांना टरक शिकवायचा, सुटल्यावर त्यांना काम व्हईल आन् आमाला ड्रायव्हर, एक जुनी गाडी मी देतो, उस्ताद तुमी व्हा.

आमची मंडळी चुलीपास्नं म्हणली, आयुष्यभर पोलिसाला चुकवत गाडी चालवली आन् आता पाय लुळं पडल्यावर सोताहून आत चालला. म्या म्हणलं, तू भाकरी बांद. तर म्हणली, बांदती, पर सांजच्याला तुमाला सोडत्यात का न्हाई तेवढं इचारून घ्या.

जेलातलं मैदान म्हंजी केवढं, ह्या टोकाला भिताड, त्या टोकाला भिताड. गाडी दुसऱ्या गिअरात पडती न् पडती तवर भिताड म्होरं येतंय, की थांबव, की मागं घे. त्यामुळं झालं काय, माझी पोरं रिव्हर्सला अशी तयार झाली की डोळं झाकून दोन डरमांच्या मधनं गाडी काढतील, पर चवथा गिअर म्हंजी काय त्यो कुणी बघितलाच न्हाई. पोरं म्हणतो मी, तशी बाप्ये माणसं, कुणाचं केस पांढरं झालेलं. मी खुर्ची टाकून बसायचो, आन् रिव्हर्स घेताना उठून मागं जायचो, फाळक्यावर हात मारायचो. एकदा हात मारला की थांब, दोनदा मारला की चल, बिनघोर चल, मागं मी हाय. ही आमच्या धंद्याची रीत. ड्रायव्हरला मागचं दिसत न्हाई, त्येनं त्या हातावर इश्वास ठिवायचा.

आता ही एक गोष्ट ध्यानात ठिवा. जेलात गिनती असती. शिपायानं लांब शिट्टी फुकली की हातातलं काम टाकायचं, आन् जोडीजोडीनं उकिडवं बसायचं, मान खाली, हात गुडघ्यावर. जोडीनं बसलं की मोजाय सोपं जातंय म्हणं. पहिल्या दिशी मला काय म्हाईत, गाडी अर्ध्या वळणावर, शिट्टी वाजली, आन् चालवणाऱ्यानं गाडी हाय तिथं बंद केली, किल्ली काढली, उडी मारली आन् खाली बसला. म्या शिव्या घातल्या, आरं हांडब्रेक तरी लाव! कुणी वर बघंना. मोजून झालं, उठले, पुन्ना गाडी सुरू. आन् एखादा बिनजोडीचा ऱ्हायला की शिपाई वरडायचा, तुजा जोडीदार कुठाय? त्या माणसाचं तोंड असं व्हायचं, की जोडीदार न्हाई ह्यो त्येचाच गुन्हा.

त्यातला एक विष्णू. वेल्ह्याच्या वरच्या अंगाचा, डोंगरातला. बांधावरनं भांडण झालं, दगड हातात आला, चुलतभाऊ मेला. म्या इचारलं नव्हतं, त्येनंच एकदा टायर खोलता खोलता सांगितलं आन् पाना फिरवत ऱ्हायला. बोलणं कमी, हात लई चांगला. सुटून घरी गेला तर भावांनी उंबऱ्याच्या आत घेतलं न्हाई, म्हणले, आमाला गावात ऱ्हायचंय. मंग हितं कापूरहोळला आला, आन् शेठच्या तळावर टायरच्या ढिगाशेजारी पथारी टाकून पडला.

शेठनं मला बोलवलं. म्हणला, आबा, साफ सांगतो, ह्यो पहिला. मालवाल्या कंपनीला कळता कामा नये ह्यो कुठनं आलाय ते, कळलं तर माझा माल बंद, मंग ह्योबी बंद आन् तुमच्या मैदानातली बाकीचीबी बंद. नीट गेला तर सगळ्यांना घेतो. पहिल्या खेपेला तुमी शेजारी बसा. म्या म्हणलं, बसतो, पर शेठ, तू देव पाण्यात घालून ठेव.

निगालो. हमरस्त्याला लागलो आन् ह्यो दुसऱ्याच्या वर जाईना. मागं गाड्यांची रांग, हॉर्नवर हॉर्न, एस्टीवाला शेजारनं जाताना आयमाय काढून गेला. म्या म्हणलं, आरं तिसरा टाक, चवथा टाक, बैलगाडी हाय का ही? घामानं डबडबलेला, म्होरं बघत म्हणला, उस्ताद, भिताड येईल. म्या म्हणलं, कुठलं भिताड? आन् मंग मला उमगलं, मैदानातलं. म्या म्हणलं, बाबा, न्हाई आता भिताड, रस्ता हाय, लांबवर रस्ताच हाय, टाक. त्येनं टाकला चवथा. गाडी मोकळी पळाया लागली तसं त्येनं काच खाली केली आन् तोंडावर वारं घेतलं. मला वाटलं, चला, सुटलो.

कशाचा सुटतोय. कंपनीचं फाटक आलं. आत-बाहेर गाड्यांची गर्दी, आन् वॉचमन, जवान पोरगा, नवा डरेस, त्येनं आमाला थांबवायला शिट्टी फुकली. लांब.

विष्णूनं गाडी जागच्या जागी बंद केली. अर्धी फाटकात, अर्धी रस्त्यावर. किल्ली काढली, दार उघडलं, खाली उतरला आन् म्होरच्या चाकाजवळ उकिडवा बसला. मान खाली, हात गुडघ्यावर. शेजारी एका माणसाची जागा मोकळी.

मागं गाड्या बोंबलत्यात, ड्रायव्हर लोक खाली उतराया लागलं, वॉचमन म्हणतोय, ओ काका, ह्या माणसाला काय झालं? आन् मला म्हाईत, ह्या गर्दीत कुणीतरी एक असा असणारच, ज्येनं ते बसणं कुठंतरी बघितलंय. कुणाच्या भावाचं, कुणाच्या बापाचं. एक जण जरी बोलला तर संपलं, विष्णूची सीट गेली, मैदानातल्यांची गेली. वर बसून म्या हाक मारली, विष्णू, ऊठ. त्येला ऐकूच जाईना. त्यो हितं नव्हताच.

मंग म्या काय केलं, दांडीला धरून उतरलो, चाकाला वळसा घातला, आन् बसलो त्येच्या शेजारी. उकिडवा. गुडघ्यात असा कडाका आला की डोळ्याम्होरं काजवं चमकलं, आय आय गं झालं, पर बसलो. आन् मोठ्यांदा म्हणलं, काय रं, हवा गळतीय का ब्रेकची? ऐक, नीट कान लाव. आन् मीबी मान खाली घालून चाकाकडं कान केला. वॉचमन आला, म्हणला, काय झालं? म्या म्हणलं, शू! ब्रेकची हवा गळल्यागत वाटतंय, ऐकाया लागतंय. तर ते पोरगं, देव त्येचं भलं करो, तेबी आमच्या शेजारी उकिडवं बसलं आन् कान लावून ऐकाया लागलं. मागचा एक ड्रायव्हर आला, त्येबी वाकला. म्हणला, व्हय, बारीक सूं येतंय. कसलं सूं येतंय डोंबलाचं! गाडी बंद, सगळं ठणठणीत. पर ड्रायव्हरला दुसऱ्याच्या गाडीत बिघाड हमखास ऐकू येतोय.

म्या विष्णूला हळूच म्हणलं, मोजून झालं बाबा, दोगं हायेत, जोडी हाय, ऊठ आता. तवा त्येनं मान वर केली आन् माझ्याकडं बघितलं, आन् भवतीनं सगळं बघितलं, आन् त्येला कळलं कुठं हाय ते. त्यो उठला. मी काय उठू शकलो न्हाई. त्येनंच काखंत हात घालून मला वर घेतलं, लहान लेकराला घेतात तसं, आन् उचलून सीटवर बसवलं. आत गाडी लावली, एका झटक्यात रिव्हर्स, वॉचमन म्हणला, काका, तुमचा ड्रायव्हर लई पक्का हाय वो, कुठं शिकला? म्या म्हणलं, लई कडक शाळा व्हती त्येची.

येताना वाटंत त्यो एवढंच म्हणला, उस्ताद, तुमी जोडीला बसला. आन् रडाया लागला, गाडी चालवता चालवता. म्या म्हणलं, म्होरं बग. माझ्याबी डोळ्याला पाणी आलं व्हतं, पर ते गुडघ्यामुळं.

गुडघं गेलं ते गेलंच. आता काठीबिगर घरातल्या घरात हलता येत न्हाई, डॉक्टर म्हणला, आबा, सांगितलं व्हतं ना. शेठनं शब्द पाळला, सगळ्यांना घेतलं. सगळेच काय विष्णू न्हाईत बरं का. एकजण धाब्यावर गाडी सोडून निघून गेला, कुठं गेला अजून पत्ता न्हाई, शेठ मला चार माणसांत बोलला, म्या ऐकून घेतलं. दुसरा एक हाय, त्येला अजून बाहेरचं दार सोताच्या हातानं उघडाया जड जातंय, कुणी उघडंल म्हणून हुबा ऱ्हातोय. मी दमलोय आता, खरं सांगतो. जेलातल्या सायबाला म्हणलं, शिकवताना तेवढी शिट्टी वाजवू नका, तर त्यो म्हणला, आबा, नियम हाय. त्येचंबी खरं हाय. मंग मी मैदानात खुर्चीत बसून हर एकाला सांगतो, बाबानु, भायेरची शिट्टी तुमची न्हाई, भायेर तुमाला कुणी मोजत न्हाई. ते व्हय व्हय म्हणत्यात. शिट्टी वाजली की बसत्यात.

विष्णू नाशिकला, गुजरातला, पार कुठं कुठं जातोय. भावांनी अजून घरात घेतलं न्हाई, आमची ही म्हणती, नसंल घेतलं तर नसू दे, हितं येत जा म्हणावं. जाताना आमच्या घराम्होरं रस्त्यावर गाडी थांबवतो. खाली उतरून पाया पडतो, आन् मंग वर बसून तसाच थांबतो, गाडी चालू ठेवून, हलत न्हाई. मला ठावं असतंय कशापायी. मी काठी टेकत टेकत मागं जातो, येळ लागतोय, मागच्या गाड्या वरडत्यात, वरडू द्या. जातो, आन् फाळक्यावर दोनदा हात मारतो. मंग त्यो जातो.

ह्यो बगा, कप तुमी तसाच ठिवला. ऱ्हाऊ द्या, दुसरा करायला सांगतो.