शेजारची सीट

हॅलो?… वालेकुम सलाम. बोल उझैर… कुठे म्हणजे? आगरदांड्याला, जेट्टीवर. गाडीसकट बोटीने पलीकडे दिघीला जायचंय, मामूंच्या माहीनची मंगनी नाही का आज… हो, अब्बांचीच गाडी.

कोण चालवतंय?… तुझी लेक… अरे हो, लाइबाच! ओरडू नकोस, तिला ऐकू जातंय… लाइबा, न्यूट्रलला टाक, पाय काढ क्लचवरून. हं… तुला नाही रे, तिला सांगतेय!

लायसन्स मिळालं ना मागच्या आठवड्यात, फोटो पाठवला होता की… घरापासून इथवर तिनेच आणली. मोठ्या बहिणीवर, आपावर विश्वास नाही का तुझा?… वळणावर म्हैस आडवी आली, तर बाईसाहेब काच खाली करून म्हशीलाच रागावतात! मी आपली इकडे पाय रोवून बसलेली… आणि गंमत ऐक ना. माझ्या पायाखालचं मॅट, आठवतं? अब्बांच्या टाचेनं भोक पडलंय ते! आपल्याला शिकवताना इथे बसून ब्रेक दाबायचे बिचारे. ब्रेक कुठला, नुसता पत्रा! आज माझी टाच बरोब्बर त्याच भोकात… हो ना… हो… हसलास? बरं वाटलं बघ.

ओरडायचे कधी? छे! तोंडातून शब्द नाही, नुसते दाबत राहायचे. तू गाडी बोटीवर चढवताना सायलेन्सर खाडीत बुडवलास, तेव्हासुद्धा काय म्हणाले? "चला, गाडीची आंघोळ झाली"… मलाही येते रे आठवण. या सीटवर बसलं की फार येते.

हो, हो… अरे, उलटीच, रिव्हर्समध्ये चढवावी लागणार बोटीवर. सगळेच तशी चढवतात… माहीत आहे, तू शिकवणार होतास. "बोटीचं मी शिकवीन, कुणी मध्ये पडायचं नाही," तूच म्हणालास. पोरगी थांबली ना तुझ्यासाठी! रमजान ईदला येणार होतास. मग बकरी ईदला. मग सुट्टीच रद्द… तुझा दोष आहे असं कोण म्हणतंय? पण अजून किती थांबेल ती?… मग तूच सांग तिला, नको चढवू म्हणून… नाही ना सांगवत?

थांब, बोटीवरचा केतन आलाय… काय रे केतन?… बरं, बरं. उझैर, मला उतरायला सांगतोय. चढवताना ड्रायव्हरशिवाय आत कुणी बसायचं नाही म्हणतो… लाइबा, काय झालं गं? ओढणी सोड माझी… "फुफी, तू उतरू नकोस" म्हणतेय रे. आता काय करू?…

मग ऐक. फोन स्पीकरवर टाकते आणि इथे सीटवर ठेवते. तू बस… अरे, आता मस्कतहून कुठे यायचंय? इथेच बस! पण शब्द बोलायचा नाही. डावीकडे घे, उजवीकडे घे, काही नाही. तिला आरशात बघू दे. तू फक्त ब्रेक दाबायचा… हो, तिकडेच, ऑफिसच्या टेबलाखाली. चांगला जोरात दाब.

लाइबा, हळू घे बाळा, घाई नाही. तुझे अब्बू बसलेत शेजारी.

बसलास?… दार लावते.