गोळ्या बंद करण्याआधी

दवाखान्यात बसलेल्या आजींचे ओठ जप करत होते, कान मात्र शेजारच्या बहीणभावाकडे लागले होते.

“लस टोचून झाली ना? मग एचआयव्हीच्या गोळ्या बंद कशाला?”

“ताई, या लसीची अजून चाचणी चाललीय. गोळ्या चालू ठेवल्या तर विषाणू लसीनं दाबला की गोळीनं, हे कळणार कसं?”

“लसीत असतं तरी काय?”

“डीएनएचा तुकडा. त्यावर विषाणूचं वर्णन लिहिलेलं असतं. ते वाचून शरीर त्याला पकडायला शिकतं.”

“वाचायचा तर तुला लहानपणापासून कंटाळा. नाही पकडला तर?”

“सारखं रक्त तपासणार आहेत. विषाणू वाढला की गोळ्या पुन्हा सुरू. तू नको म्हणालीस तर बंद नाही करत.”

“कर. पण रोज माझा फोन उचलायचा.”

“गोळी घेतलीस का, एवढंच तर विचारतेस. आता काय विचारशील?”

“बंद व्हायला गोळ्यांना सांगितलंय, मला नाही.”