गुप्त समझोत्याचे पेढे

न्यायालयाचा गोपनीयतेचा आदेश मोडणे ही अत्यंत गंभीर बाब आहे. जाफराबादच्या जीपमध्ये माझ्यापुढे बसलेले नवरा-बायको ती बाब सगळ्यांना ऐकवत होते.

“समझोत्यातलं कुठं बोलू नका, असं जजसाहेबानं बजावल्तं. अन् तुम्ही गावभर पेढे वाटले!”

“उषे, बारा वर्षांनी भाऊ बोलला माझ्याशी. पेढे न्हाई वाटायचे?”

“पेढे वाटा की! पण विहिरीवर कोणाची मोटर कोणत्या वारी, हे पारावर उभं राहून कशाला सांगितलं?”

“लोकं विचारून राह्यले ना, पेढे कशाचे!”

“मंग आता भावजीनं अवमानाची तक्रार केली तर जेलात जाल.”

“तो बिलकुल न्हाई करायचा.”

“कशावरून?”

“मी त्याची सोमवारची पाळी मंगळवारची म्हणून सांगितली. त्यानंच पारावर चढून दुरुस्त केली.”