बाचं गानं लागलं त्या सांजेची गोष्ट

मी इंझोरीची. इथंच जल्मली, इथंच नांदली. आमी बौद्ध लोकं. बा दुसऱ्याच्या वावरात सालदार, पन त्याचा गानाचा गया काय सांगू तुमाले! विहारात त्यानं भीमाचं गानं धरलं का रस्त्यानं जानारा मानूस जागीच थांबे. कसं काय, नागपूरच्या रेडिओवाल्यायनं त्याले बलावलं, एका खोलीत बसवून त्याचं गानं भरून घेतलं अन् म्हने, जा आता, सोमवारच्या सांजेले लागीन, घरीच ऐकजा. बा वापस आला तं एकच गोष्ट बोले, सारा जल्म गाऊन राह्यलो, पन माहा आवाज बाहेरून कसा लागते ते मलेच मालूम नाई, तेवढं एकडाव ऐकाचं हाये.

ट्रांझिस्टर पलटनीतल्या मामानं देल्ला होता. ना तार ना खांब, अन् डब्ब्यातून मानूस बोले! माय पयल्या दिवशी मांगून फिरून पाहून आलती, कोनी लपला हाये का म्हून. सेल नरम पडले का आमी ते टिनावर उन्हात ठेवो, मंग ते आनखी थोडं बोलत. गावात सारेच तसं करत.

त्या सोमवारी आभाय आलतं. ऊन नाई, अन् सेल तं पार मेलते. मायनं केलं काय, सेल चुलीच्या लाल आरावर ठेवले, वांगं भाजतेत तसे. फाट्कन एक फुटला! राख छपरापर्यंत गेली, आतला काया चिखल मायच्या हातावर, हात भाजला. बाकीचे पघयले. माय रडे, हातासाठी नाई, म्या तुमचं गानं मारलं म्हने. बा म्हने, येडी होय का, डोया वाचला ना? अन् शेजाऱ्याची सायकल घेऊन कारंज्याले सेल आनाले पयाला.

तो गेला अन् गल्ली जमली. ज्याच्या घरी बॅटरी होती त्यानं त्यातले सेल काढून आनले. हा लाव, तो काढ, म्हाताऱ्या दुरूनच ओरडत, सरका व, फुटीन! अन् लागला रेडिओ. त्यातली बाई बोलली, तिनं बाचं नाव घेतलं, इंझोरीचं नाव घेतलं. अवं माय! मंग बा. तोच गया, तोच दम. बा तिकडं सायकलवर, अन् इथं आमच्या घरात गाऊन राह्यला! माह्या अंगावर काटा आला, आताबी येते, हे पाहा. मायनं भाजल्या हातानं डोक्यावर पदर घेतला.

गानं सरलं, बाजारभाव लागले, तवा बा दारात आला. घामानं निथयत, हातात नवे सेल. सारे उठून उभे राह्यले. म्हने, झालं? मंग त्यानं मायले इचारलं, कसा लागला व माहा आवाज? माय म्हने, तुमचाच होता, पन तुमच्याहून लय मोठा होता. बा हासला, अन् दुपट्ट्यानं डोये पुसले.

ते गानं मंग कधी लागलं नाई. आता बाचे दात पडले, गया बसला. रोज सांजेले रेडिओजवय बसते, चुलीजवय सेल नेऊ देत नाई कोनाले. म्हने, लावतीन एखाद्या दिवशी. साऱ्या गल्लीनं ऐकला त्याचा आवाज, एक त्यानंच नाई. तुमी फिरते मानसं, कुठी कानावर पडलं तं आमाले कळवजा बापा. तुमचं भलं हो. जयभीम.