हिरवं दार

(जुन्या सराईचं दार. बाहेर नवरा-बायको, हातात सामान. आत सराई चालवणाऱ्या मावशी.)

बायको : मी नाही आत येणार. आधी हे दार कोणी रंगवलं ते सांगा.

मावशी : अगंबाई! ताई, आल्या आल्या हे काय? पाणी तरी घ्या.

बायको : तपकिरी केलंत!

मावशी : आम्ही कसलं करतोय? जुन्या इमारतींची निगा राखणारे साहेब आले होते. रंग खरवडत बसले. हिरव्याखाली पिवळा निघाला, पिवळ्याखाली हा. म्हणाले, मूळचा हाच, आता दुसरा लावायचा नाही.

नवरा : बरं दिसतंय की.

बायको : बरं दिसतंय? अहो, जीभ तरी कशी रेटते तुमची!

मावशी : माझं काही चुकलं का? दरवर्षी येता, रस्त्याकडच्या खिडकीचीच खोली मागता, दिवसभर समोरच्या बागेत बसता. मला वाटायचं, लग्न झाल्यावर पहिल्यांदा इथेच आला असाल. तुमच्यावरून मी आमच्या ह्यांना टोमणे मारते.

बायको : आमची मुलगी हरवली त्या बागेत. चिमी. चार वर्षांची होती.

मावशी : आई गं.

बायको : मला वाटलं, ती यांच्याजवळ आहे. यांना वाटलं, माझ्याजवळ. तळ्यापाशी भेटलो तर दोघांचेही हात रिकामे.

नवरा : पुरे गं.

बायको : का पुरे? मावशी, त्या दिवशी सकाळी ह्याच पायरीवर तिच्याकडून घोकून घेतलं होतं. चुकलीस तर कुठे यायचं? 'हिरव्या दाराशी.' घराचा पत्ता येत नव्हता हो तिला. एवढंच येत होतं.

मावशी : मी तेव्हा इथे नव्हते, ताई. असते तर... पण आता केवढी झाली असेल ती! आशेवर माणूस जगतं बघा.

नवरा : जगतं कसलं, मावशी. नुसतं लोंबकळत राहतं. बागेतले माळीसुद्धा बदलले, नवे मला विचारतात, काका, रोज फिरायला येता का?

बायको : तुम्हाला कंटाळा आलाय, सरळ सांगा.

नवरा : आलाय. हे शेवटचं वर्ष, असं गाडीत तूच म्हणालीस ना?

बायको : तुमचे गुडघे बघून म्हणाले.

नवरा : मग आता माझं तोंड बघून ऐक. ती येणार नाही. तुलाही ठाऊक आहे. दार हिरवं असो नाहीतर तपकिरी, ती यायची नाही.

बायको : ह्या दारात उभं राहून बोलवलं तुमच्याच्यानं?

नवरा : मग कुठे बोलू? घरी तू कानावर हात ठेवतेस.

बायको : मावशी, खोलीची किल्ली राहू दे. तिला दार सापडायचं नसेल, तर आम्ही तरी वर बसून काय करायचं?

मावशी : असं नका करू, ताई. दमून आलाय. एवढी रात्र राहा.

नवरा : मावशी.

मावशी : काय, दादा?

नवरा : जुना हिरवा रंग उरलाय का? डब्याच्या तळाशी असला तरी चालेल.

मावशी : मागच्या खोलीत असेल. पण साहेब दाराला हात लावू देणार नाहीत हो.

नवरा : अख्ख्या दाराला नको. हे इथे, माझ्या कमरेच्या जरा खाली. तळहाताएवढाच.

मावशी : इतका खाली? तिथे कोणाला दिसणार?

नवरा : तिची उंची तेवढीच आहे.