रेघेचा मध्य

आदिनाथ : तरी मी म्हणेन काका, चोवीस इंची मॉनिटर घ्या. ताईंनी पंधरा हजारांच्या आत म्हटलंय, हा बराच आत बसतो. रंगालाही एकदम सच्चा.

रंगनाथ : चोवीस नको शेठ. ह्यो रुंद लावा, एकोणतिसाचा. वीस फुटी बॅनर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत एका नजरंत बसला पाह्यजे. घरचा चौकोनी डबा डावी बाजू गिळाया लागलाय.

आदिनाथ : गिळतो म्हणजे? कडेला काळा पट्टा येतो का?

रंगनाथ : पट्टा न्हाई, डाग न्हाई. निस्तं गिळतो. मी करतो एक, छापून निघतं दुसरंच.

दीपा : पप्पा, आधी चहा घ्या. केव्हाचा आणून ठेवलाय त्यांनी.

रंगनाथ : कुठंय चहा?

दीपा : हा काय, तुमच्या डाव्या हाताशी.

रंगनाथ : मग सांगायचं न्हाई व्हय! पार थंड केला तुमी.

आदिनाथ : दुसरा सांगतो, त्यात काय. शेवगावहून आलात म्हणजे सकाळच्या गाडीनं निघाला असाल. फ्लेक्सचं दुकान का आपलं?

दीपा : हो. तिथे आमच्या पप्पांना सगळे रंगनाथ पेंटर म्हणतात. उमेदीची वर्षं त्यांनी भिंती रंगवल्या. फ्लेक्स आला तेव्हा ब्रश धुऊन ठेवले आणि चाळिशीत माउस धरायला शिकले. मी शाळेत शिकवते. मॉनिटर माझ्या पगारातून घ्यायचा आहे.

रंगनाथ : तिनंच हट धरला. मी म्हनलं व्हतं, जयंती होऊ दे, मग बघू.

दीपा : जयंतीसाठीच तर घ्यायचा आहे.

आदिनाथ : भिंती म्हणजे त्या बियाण्यांच्या, सिमेंटच्या जाहिराती?

रंगनाथ : नगरहून पार पैठणच्या हद्दीपर्यंत! दोरी न्हाई, टेप न्हाई. समोर उभं ऱ्हायचं, भिंत डोळ्यात घ्यायची अन् खडूनं टिंब द्यायचं, ह्यो मधला. कंपनीचे सायेब मागनं टेप लावून बघायचे. बोटाचा फरक निघाला न्हाई कधी.

आदिनाथ : आणि आता मॉनिटरनं दगा दिला.

दीपा : दगाच म्हणायचा. आधी एका वास्तुशांतीच्या बॅनरवर निमंत्रकांचं नाव अर्धंच छापून आलं. आम्ही म्हटलं, घाई झाली असेल. मग गेल्या महिन्यात बनुबाई नावाच्या आजी वारल्या. त्यांचा श्रद्धांजलीचा फ्लेक्स...

रंगनाथ : ते कशाला काढती आता?

दीपा : त्यांना कळायला हवं ना, काय बिघडलंय ते. भाऊ, श्रद्धांजलीसाठी दर वेळी नवी फाइल करत नाहीत. जुनीच उघडायची आणि नाव, फोटो, तारखा तेवढ्या बदलायच्या. फोटो बदलला. उजवीकडची मृत्यूची तारीख बदलली. डावीकडची जन्मतारीख मात्र आधीच्या माणसाची तशीच राहिली. एकोणीसशे चौऱ्याण्णव.

आदिनाथ : अरे बापरे. आणि आजी?

दीपा : नव्वदीच्या. फ्लेक्स चौकात लागला. दशक्रियेला आलेली माणसं त्याच्याखाली उभी राहून तोंडाला रुमाल लावत होती, आणि ते काही रडू आवरण्यासाठी नव्हतं. संध्याकाळी त्यांचा मुलगा गोरक्षनाथ आला. फ्लेक्सची नीट घडी घातलेली होती, जशी आईच्या लुगड्याची घालावी. ती त्याने टेबलावर ठेवली आणि निघून गेला.

रंगनाथ : शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आदिनाथ : होतं काका. मशिन म्हटल्यावर...

रंगनाथ : म्हनून तर रुंद म्हनतोय. लावा. दीपे, पेन ड्राइव्ह दे. जयंतीचा बॅनर हाय त्यात, कालच पुरा केला.

दीपा : मला दाखवला नाहीत.

रंगनाथ : म्हनलं, मोठ्या पडद्यावर बघशील. शेठ, निळ्यावर ध्यान ठेवा. हितं निळा दिसला अन् छापून जांभळा निघाला, तर आमची गल्ली मला मिरवनुकीत उभं करनार न्हाई.

आदिनाथ : आता बघा. समोरून बघा, कडेनं बघा, रंग हलायचा नाही. वा, निळा काय खुललाय! फक्त काम अर्धं राहिलंय, काका.

रंगनाथ : अर्धं? पुरं हाय.

आदिनाथ : मग डावीकडे एवढी जागा मोकळी का सोडलीत? कुणाची जाहिरात यायचीय का तिथं?

रंगनाथ : मोकळी कुठं हाय? हे बाबासाहेब, हे तथागत, ही समितीची पोरं. बसले का न्हाई समदे ऐसपैस?

आदिनाथ : बसलेत, पण एस.टी.च्या मागच्या बाकावर बसावेत तसे. एकाच्या मांडीवर एक. आणि पुढची गाडी सगळी रिकामी.

दीपा : थांबा भाऊ. हसू नका जरा.

रंगनाथ : काय झालं?

दीपा : पप्पा, या फाइलला तुमच्याशिवाय कुणी हात लावला होता?

रंगनाथ : कोन लावनार? अन् तू अशी का बघती? हां, कळलं. म्हंजे ह्योबी गिळतोय! शेठ, पीस खराब हाय तुमचा.

आदिनाथ : आत्ता तुमच्यासमोर खोक्यातून काढला की.

रंगनाथ : मग खोक्यातच खराब असंल. दुसरा लावा. तो चोवीसाचा लावा.

दीपा : लावा. पण त्यावर बॅनर नको. कोरं पान उघडा आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत एक आडवी रेघ ओढा. पप्पा, तुम्ही भिंतीचा मध्य काढायचात ना? या रेघेचा काढून दाखवा.

रंगनाथ : चारचौघांत परीक्षा घेती का बापाची?

दीपा : मॉनिटरची घेतेय.

रंगनाथ : आन तो माउस. भिंतीम्होरं ही रेघ म्हंजे काडी हाय काडी. हे घे. ह्यो मधला.

(टिंब पडतं. रेघेच्या उजव्या टोकापासून ते अर्धी वीतसुद्धा दूर नाही. आदिनाथ काउंटरवरची टेप उचलतो आणि पडद्याला न लावताच पुन्हा खाली ठेवतो.)

रंगनाथ : लावा की टेप.

आदिनाथ : राहू द्या, काका.

रंगनाथ : का ऱ्हाऊ द्या? दीपे, तू सांग. लागला का मध्य?

दीपा : नाही.

रंगनाथ : कितीनं?

दीपा : फार उजवीकडे गेलाय.

रंगनाथ : माउस सरकला असंल. नवा हाय, हाताला बसला न्हाई अजून.

दीपा : मग बोटाने दाखवा.

रंगनाथ : हा बघ. हितं.

दीपा : तिथेच दाखवलंत पुन्हा. आता बोट उचलू नका. मी हात धरते तुमचा. मी नेते तसं येऊ द्या. डावीकडे. अजून. अजून डावीकडे. नुसते डोळे नकोत, मानसुद्धा वळवा.

रंगनाथ : अगं... हे कुठनं आलं?

दीपा : तीच रेघ आहे, पप्पा.

रंगनाथ : एवढी?

दीपा : एवढी.

रंगनाथ : मघाशी नव्हती एवढी. शेठ, खरं सांगा, तुमच्या ह्याबी मॉनिटरला...

आदिनाथ : दोन्ही चांगले आहेत, काका. माझं नुकसान झालं तरी चालेल, पण खोटं सांगणार नाही.

रंगनाथ : अन् घरचा?

दीपा : तोही चांगलाच असणार. बिचाऱ्याला उगीच बोल लावले आपण.

रंगनाथ : एक डोळा झाकून बघू का? चष्म्याचा नंबर वाढला असंल.

दीपा : बघा. डावा झाका. आता उजवा. पडला काही फरक?

रंगनाथ : न्हाई. जेवढं हाय तेवढंच हाय. आंधारबी न्हाई गं तिकडं. आंधार असता तर कळला असता. तिकडं काय असतं, ह्येच सुचत न्हाई.

दीपा : संक्रांतीच्या दिवशी तुम्ही दुपारभर पडून होतात. डोकं फुटतंय म्हणालात.

रंगनाथ : ऊन लागलं व्हतं.

दीपा : तेव्हापासून तुमचा डावा खांदा दाराच्या चौकटीला लागतो. ताटातली डावीकडची चटणी तशीच राहते. मला वाटलं, तुम्ही तिखट सोडलंत. मनात म्हटलंसुद्धा, बरं झालं. सगळं रोज माझ्यासमोर वाढलेलं होतं, आणि मी मॉनिटर बदलायला निघाले.

आदिनाथ : ताई, माझ्या मामांना असंच झालं होतं. डोळे ठणठणीत, पण मेंदूतली एक बारीक शीर बंद पडलेली. वेळ काढू नका. ते ज्यांच्याकडे जायचे ते डॉक्टर जवळच बसतात. फोन लावू?

रंगनाथ : नका लावू. डॉक्टर काय म्हननार, मला ठाव हाय. आराम करा. काम बंद. मग बॅनर कोन करनार? आमच्या गल्लीचा जयंतीचा बॅनर आजवर दुसऱ्याच्या हातचा लागला न्हाई. कापडावर लिव्हायचो तवापासून.

दीपा : यंदाही लागणार नाही.

रंगनाथ : कशाच्या जिवावर म्हनती? अर्धंच दिसतंय तर रुंद काय अन् चोवीस काय? ठेवा शेठ दोन्ही खोक्यात. चल, दुपारची गाडी गाठू.

दीपा : गाडी संध्याकाळचीसुद्धा आहे. भाऊ, तुम्ही फोन लावा. आणि एकोणतिसाचं बिल करा.

रंगनाथ : पगार जड झालाय का तुला?

दीपा : बसा, पप्पा. एकदाच सांगते. आधी डॉक्टर, आज आणि आत्ता. ते म्हणतील ते करायचं, त्यात घासाघीस नाही. पण त्यांनी तुम्हाला खुर्चीत बसू दिलं, की माउस तुमच्याच हातात राहणार. मी शाळा सुटल्यावर येणार आणि तुमच्या डाव्या अंगाला माझी खुर्ची टाकणार. त्यासाठी रुंद हवा आहे. एकाच पडद्यासमोर दोघांना बसता आलं पाहिजे.

रंगनाथ : अन् गिऱ्हाइकं? म्हनतील, पेंटरला आता पोरगी लागती शेजारी.

दीपा : म्हणू देत. चौऱ्याण्णव सालच्या आजी ज्यांनी पाहिल्या, त्यांना माझी खुर्ची जड जाणार नाही.

आदिनाथ : हसले बघा काका.

रंगनाथ : हसतोय कुठं. ही अशीच बोलती. आई गेल्यापासून हिला धाक न्हाई कुनाचा. शेठ, चिकटपट्टी हाय का? लाल असंल तर बघा.

आदिनाथ : वायरीला गुंडाळायची लाल टेप आहे.

रंगनाथ : ती रुंदवाल्याच्या डाव्या कडंला लावा. उभी, वरपासून खालपर्यंत. हां. आता रेघ वढा, अन् बोलू नका कुनी. आधी मला लाल गावू द्या. न्हाई... अजून न्हाई... थांबा... हां, गावली. हितनं सुरू. आता तिकडचं टोक. मग मधला... ह्यो.

दीपा : जवळ आलात.

रंगनाथ : जवळ म्हंजे किती? लाडानं सांगू नको.

आदिनाथ : टेप लावली काका. चार बोटं उजवीकडे.

रंगनाथ : भिंतीवर चार बोटं चुकलो असतो तर आख्खी भिंत पुन्हा पांढरी केली असती. पुसा. दुसरी वढा.

आदिनाथ : डॉक्टर बसलेत, लगेच या म्हणाले.

दीपा : ऐकलंत? चला.

रंगनाथ : येतो. एक रेघ.

दीपा : पप्पा.

रंगनाथ : एकच. तिकडं जाऊन काय ऐकावं लागंल कुनाला ठाव. त्याआधी एक... ही लाल. हे टोक. हे दुसरं. ह्यो. लावा टेप.

आदिनाथ : तीन बोटं.

रंगनाथ : बघितलं का, दीपे?

दीपा : बघितलं.

रंगनाथ : डॉक्टर काय म्हनायचं ते म्हनू दे. ह्यातनंच बॅनर निघंल. पयला नीट निघाला की गोरक्षनाथच्या आईचा फ्लेक्स नव्यानं करायचा. त्याला वरीस लागलं तरी चालंल, पन त्याच्या दारात मी सोता घेऊन जानार.

आदिनाथ : खोकं इथेच ठेवतो काका, जाताना न्या. लाल टेप काढून पॅक करू ना? नव्या पिसावर डिंकाचा डाग राहील.

रंगनाथ : काढू नका. डाग पडू द्या.

आदिनाथ : सांभाळून. दुकानाला पायरी आहे, आणि बाहेर गाड्या कशाही लावतात लोक.

दीपा : या पप्पा. मी या बाजूने चालते.

रंगनाथ : कोन्त्या?

दीपा : तुमच्या डावीकडे आहे.

रंगनाथ : मग गप चालू नको. बोलत ऱ्हा.