कापड वन्संकडे, काठ्या माझ्याकडे

घरातली थोरली सून, कामावर सगळे ‘मास्तरीणबाई’ म्हणतात. वय ४७ वर्षे. धंदा – दुकानांपुढची कापडी छपरे, पडदे व तंबू शिवणे. राहणार – दवाखान्यामागची गल्ली, खाली दुकान, वर घर.

समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, मी वरील ठिकाणी पती, धाकटे दीर व दिरांची पत्नी यांच्यासह राहते. दिरांचे लग्न मागच्या वर्षी झाले. त्यांच्या पत्नीला घरात धाकटी म्हणतात, मीही तेच म्हणते. ती विमा कंपनीत नोकरी करते. माझी नणंद, म्हणजे पतीची थोरली बहीण, पुढच्या गल्लीत एकटी राहते व दवाखान्यात एक्स-रे काढण्याचे काम करते. मी त्यांना वन्सं म्हणते. आधी थट्टेने म्हणत होते, मग तेच नाव पडले.

वन्सं आणि धाकटी शनिवारी सकाळी जंगलात एका रात्रीच्या मुक्कामाला गेल्या. रविवारी संध्याकाळी परत यायच्या होत्या. आज सोमवार, अद्याप आलेल्या नाहीत. दोघींचे फोन लागत नाहीत. काल दिरांनी तक्रार दिली. वन खात्याच्या लोकांनी तळ्याकाठची मुक्कामाची जागा व टेहळणीचा मनोरा पाहिला, तिथे कोणी मिळाले नाही. याआधी अकरा वर्षे वन्संबरोबर मीच जात होते, म्हणून मला बोलावले आहे.

तंबूबद्दल विचारले असता सांगते की, तो मी स्वतः शिवला आहे. छपराचे उरलेले कापड होते, त्यात दोघी जेमतेम मावतील एवढाच झाला. काठ्या पतीने ॲल्युमिनियमच्या नळ्या कापून करून दिल्या. पहिल्या खेपेलाच वन्संनी ठरवले की कापड त्यांच्या घरी राहील आणि काठ्या माझ्या घरी. म्हणाल्या, “म्हणजे एकीला दुसरीला सोडून पळता यायचं नाही.” तेव्हा आम्ही खूप हसलो होतो. पुढे सगळ्या ओझ्याची तशीच वाटणी झाली. पातेले त्यांच्याकडे तर स्टोव्ह माझ्याकडे, चहा त्यांच्याकडे तर साखर माझ्याकडे. हे तपासाच्या कामाचे आहे म्हणून सांगते.

मागच्या वर्षी माझ्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले. वन्सं रोज कामावरून सुटल्यावर येत आणि मला गल्लीच्या टोकापर्यंत चालवून आणत. धाकटी तेव्हा घरात नवीन होती. तीही सोबत यायला लागली. जंगलात झोपायला भीती नाही का वाटत, कोल्हे दिसतात का, असे काहीबाही विचारायची आणि वन्संना उत्साह यायचा. मी घरी येऊन पाय वर करून बसले की दोघी आणखी एक फेरी मारायला जात. माझा गुडघा आता बरा आहे. ओझे घेऊन चालायला हरकत नाही, असे डॉक्टरांनी महिन्यापूर्वीच सांगितले. हे मी वन्संना सांगितले नाही. त्या आपणहून विचारतील म्हणून थांबले होते.

जायचा बेत माझ्याच दुकानात झाला, कारण माझ्या कटिंगच्या टेबलाएवढे मोठे टेबल घरात दुसरे नाही. एका टोकाला मी कापड बेतत असे, दुसऱ्या टोकाला त्यांचा पसारा. धाकटीने स्वयंपाकघरातला वजनकाटा आणून ठेवला होता. मोजे, चमचा, साबणाची वडी, जे दिसेल ते ती काट्यावर ठेवी. टूथब्रशची दांडी अर्धी कापली. कपड्यांची लेबले उसवली. वन्सं कौतुकाने बघत बसायच्या. ते पातेले जड आहे, नको आणू, असे मी अकरा वर्षे सांगत आले, तेव्हा माझे बोलणे या कानाने ऐकले आणि त्या कानाने सोडले. धाकटीने एकदा म्हटले आणि पातेले घरी राहिले.

माझी सॅक नुसती पडून आहे, तर धाकटीला देऊ का, असे वन्संनी विचारले. मी दिली. दुसऱ्या दिवशी पाहते तर त्या सॅकवर मी शिवलेले जादाचे पट्टे तिने कापून टाकले होते, वजन कमी करायला म्हणून. माझ्याच कात्रीने कापले होते. ती कात्री कापडाची आहे, मी कोणाला हात लावू देत नाही, नायलॉनवर चालवली की धार जाते. हवालदारांनी मुद्द्याचे सांगा असे म्हटल्यावरून पुढे सांगते.

मला चल म्हणून विचारले होते का, असे विचारले असता सांगते की, होय, विचारले. बुधवारी सॅक भरता भरता धाकटी म्हणाली, “जाऊबाई, तुम्ही पण चला ना, गाडी लावतो तिथपर्यंत.” जिथली झाडे मला ओळखतात, तिथे मला गाडी लावतात तिथपर्यंत. मी कामाचे निमित्त सांगितले. वन्सं माझ्याकडे बघत होत्या. मी खाली बसून टाचण्या गोळा करत होते.

गुरुवारी वन्सं काठ्या न्यायला आल्या. मधली काठी वाकली आहे, दुरुस्तीला दिली आहे, असे मी सांगितले. हे खोटे आहे. काठ्या माझ्या कपाटामागे आहेत व त्यांना काही झालेले नाही. कारण विचारले असता सांगते की, मला ते सहन झाले नाही. माझ्या हाताने शिवलेल्या तंबूत माझ्या जागी काल आलेली झोपणार, आणि काठ्या मी पुसून द्यायच्या. माझा नुसता जळफळाट झाला होता. काठ्या नाहीत म्हटल्यावर जाणे रद्द होईल, असे मला वाटले. वन्सं “बरं” म्हणून गेल्या.

शुक्रवारी मी दुकान बंद करत असताना वन्सं पुन्हा आल्या. त्यांनी छपरे ताणायची जाड दोरी मागितली. किती हवी असे विचारल्यावर म्हणाल्या, “तुला माहीत आहे किती.” मी मापून कापून दिली. दोरी कशाला हवी ते मला तेव्हाच कळले.

ते असे. एका वर्षी आमची एक काठी खरोखरच मोडली होती. तेव्हा तळ्याच्या वर एका पुढे आलेल्या कातळाखाली आम्ही कापड नुसते दोरीवर ताणून रात्र काढली. तिथे काठ्यांची गरज पडत नाही. पुढच्या खेपेला कातळाच्या फटीत मी दोन लोखंडी कड्या ठोकल्या. या कडीपासून त्या कडीपर्यंत किती दोरी लागते, ते वन्सं आणि मी सोडून कोणाला माहीत नाही. ती जागा कोणालाही दाखवायची नाही, असे आमचे ठरले होते. मी माझ्या पतीलाही सांगितलेली नाही. म्हणजे काठ्या मी दिल्या असत्या, तर त्या दोघी सगळ्यांसारख्या तळ्याकाठी राहिल्या असत्या.

काल संध्याकाळी दिरांनी सगळ्यांसमोर मला विचारले की, तळे सोडून मुक्कामाची दुसरी कुठली जागा आहे का. मी नाही म्हणाले. माहीत असून नाही का म्हणालात, असे विचारले असता सांगते की, हो म्हटले असते तर वन्सं तिला तिथे घेऊन गेल्या, हे माझ्याच तोंडून खरे ठरले असते. त्यापेक्षा दोघी दुसरीकडेच कुठे वाट चुकल्या असतील, असे धरून चालणे मला बरे वाटत होते. हे आता लिहिलेले ऐकताना माझी मलाच लाज वाटते, पण ते तसेच आहे.

आज सकाळी इथे बाकावर बसल्यापासून मात्र मला एकच गोष्ट दिसते आहे, ती स्वतःहून सांगते. कातळाकडे जाताना एका बाजूला दरी असलेली अरुंद वाट आहे. वन्संना तिथे चक्कर येते. एरवी त्या कोणाला भीक घालत नाहीत, पण तेवढ्या वाटेवर डोळे मिटून माझा हात धरतात आणि मी पुढे चालते. हे त्यांनी सख्ख्या भावांनाही सांगितलेले नाही. धाकटीला सांगितले की नाही, मला माहीत नाही. तिने हात कसा धरायचा, तेही तिला माहीत नसणार. मनगटाला धरावे लागते, बोटे घामाने सुटतात.

रस्ता असा. तळ्याला मिळणारा ओढा धरून वर जायचे. वीज पडून दुभंगलेले झाड लागले की ओढा सोडून डावीकडे चढायचे. चढ संपला की ती अरुंद वाट, आणि वाटेच्या शेवटी कातळ. वाट बाहेरून दिसत नाही, झुडपे बाजूला करावी लागतात. मी बरोबर येते, असे मी म्हणाले. तुम्ही इथेच थांबा, असे हवालदारांनी सांगितले व वन खात्याला वायरलेसवर रस्ता कळवला. जबाब येथे थांबवला.

जबाब दुपारी पुढे घेतला. वनरक्षकांचा निरोप आला तो हवालदारांनी मला सांगितला. दोघी कातळाखाली मिळाल्या. रविवारी सकाळी परत निघताना धाकटीचा पाय मुरगळला व घोटा सुजला, तिला पाय टेकवेना. वन्संना ती वाट एकटीने ओलांडता येईना. म्हणून दोघी पुन्हा कापडाखाली येऊन बसल्या. प्यायला येताना ओढ्यावर भरून घेतलेले पाणी होते. दोघी सुखरूप आहेत व त्यांना खाली आणत आहेत.

दोघी घाबरलेल्या होत्या का, असे मी विचारले. वनरक्षकांचे म्हणणे असे की, धाकटी थोडी रडली होती, वन्सं शांत होत्या. उलट त्यांनीच वनरक्षकांना विचारले की एवढा उशीर का केलात. कोणीतरी येणार हे तुम्हाला कसे ठाऊक, असे विचारल्यावर म्हणाल्या, “आमच्या वहिनीला माहीत आहे ना. म्हणून तर दोरी तिच्याकडून नेली. रविवारी परत आलो नाही की ती लगेच माणसं पाठवणार, म्हणून होता तो पाव आम्ही दुपारीच खाऊन टाकला.”

यावर तुमचे काय म्हणणे आहे, असे हवालदारांनी विचारले. माझे काही म्हणणे नाही. त्यांनी मला पाणी आणून दिले.

वर लिहिलेले सगळे मला सावकाश वाचून दाखवले. कपाटाच्या मागे असे हवे होते तिथे कपाटात असे लिहिले होते, ते मी दुरुस्त करून घेतले. शुक्रवारी दोरी देतानाच मला कळले होते, हे वाक्य गाळता येईल का, असे मी विचारले. ते खोटे आहे का, असे हवालदारांनी विचारले. खोटे नाही. ते वाक्य तसेच राहू दिले आहे. बाकीही मी सांगितले तसेच लिहिलेले असून बरोबर आहे.